उलटे वेढे

१२ नोव्हेंबर

मामा,

सोबतचं खोकं उलटं धरू नकोस, आत झाड आहे. नर्सरीचा ड्रायव्हर तुमच्याच रस्त्यानं जाणार होता, त्याच्या हातापाया पडून पाठवलंय. झाडाचं नाव ज्युनिपर. हात लावलास की टोचेल, पण तुझ्याएवढं नाही.

मामीनं सगळं सांगितलं. मेंदूचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली, आणि घरी आल्या आल्या तू स्टुलावर चढून पंखा खाली उतरवलास. मग दाराची बेल खोललीस. मग तिचं शिलाई मशीन. आता वर्कशॉपला कुलूप आहे आणि चावी मामीच्या कमरेला. चांगलं केलं तिनं. फोनवर तुला ऐकू येत नाही, 'काय, काय' करून तूच ठेवून देतोस, म्हणून आता पत्रानंच बोलू. जन्मभर वाइंडिंगच्या तारा गुंडाळत विजेच्या मोटारींच्या घरघरीत बसल्यावर कान एवढे तरी शिल्लक राहिले हेच नशीब.

तर हे झाड. याचा बोन्साय करायचा. म्हणजे झाड लहानच ठेवायचं आणि फांद्यांना तार गुंडाळून त्यांना हळूहळू हवं तसं वळण द्यायचं. तुझे हात शिवशिवत असतात ना, त्यांना काम मिळेल. पण आत्ताच नाही. आत्ता एवढंच करायचं की काही करायचं नाही. वरची माती सुकली की पाणी घाल आणि नव्या जागेत त्याला जरा रुळू दे. छाटू नकोस, कुंडी बदलू नकोस, खोलून तर अजिबात बघू नकोस.

तुझी भिंगरी

२० नोव्हेंबर

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी काय लिहायचे.

झाड पोचलं. दाढी न केलेल्या माणसासारखं दिसतंय. माझ्या पलंगाशेजारी टेबलावर ठेवलंय. मला बाहेर सोडत नाहीत, मग त्याला तरी का सोडायचं? दिवसभर आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघतो. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून दार, दारापासून पलंग, अशा माझ्या फेऱ्या चालू असतात. तुझी मामी म्हणते, फरशी झिजेल.

माझं अक्षर नीट बघ. एक तरी काना हललाय का? त्या डॉक्टरला काय कळतंय. बोटं दाखवतो आणि किती ते विचारतो. जो माणूस केसाएवढ्या तारेचे वेढे घालत म्हातारा झाला त्याला हा बोटं मोजायला लावतो!

परवा बेकरीवाला आला होता. त्याच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटार जळली. हातगाडीवर घालून आणली होती बिचाऱ्यानं, तर हिनं दारातूनच परत पाठवला. मी खिडकीतून बघत होतो. मोटारीवरचा काळा डाग मला इथून दिसला, भिंगरे. कुठली कॉइल गेली असणार तेसुद्धा सांगितलं असतं. पण तो गाडी वळवून निघून गेला आणि मी तसाच उभा राहिलो. माणूस आजारानं मरत नाही, असं दारातून काम परत गेलं की मरतो.

तुझं ती ऐकते. तिला म्हणावं, चावी दे. वर्कशॉपचं तुला काही वाटतच नसेल तर गोष्ट वेगळी. तू मोटारी सोडून झाडांच्या मागे लागलीस तेव्हा मी दोन शब्द जास्तच बोललो होतो. पण ते बोलणं माझ्यापाशी, त्याचा राग या कामावर काढू नकोस.

मामा

२७ नोव्हेंबर

मामा,

झाड आधी बाहेर काढ. हे वाक्य वाचून पत्र खाली ठेव, झाड गॅलरीत नेऊन ठेव आणि मग पुढचं वाच.

ठेवलंस? ज्युनिपर घरात जगत नाही. त्याला ऊन, वारा, थंडी सगळं लागतं. आणि हे झाड मोठं लबाड असतं, आतून मेलं तरी कितीतरी दिवस हिरवंच दिसतं. मी शिकत होते तेव्हा माझी पहिली तीन अशीच गेली. मी मेलेल्या झाडाला पाणी घालत होते आणि वर कौतुकानं लोकांना दाखवत होते.

राग कसला काढू? तू बोललास ते मी तेव्हाच सोडून दिलं. चावीचं मात्र मामीला असंच कसं सांगू? आत वीज आहे, कापायची पाती आहेत, वॉर्निश सुकवायची भट्टी आहे. म्हणून एक सौदा करू. या झाडाच्या खालच्या दोन फांद्यांना तार गुंडाळून दाखव. वेढे तिरके यायला हवेत, दोन वेढ्यांमध्ये सारखं अंतर हवं, आणि तार सालीला टेकलेली हवी, रुतलेली नको. डाव्या अंगठ्यानं फांदी धरून ठेवायची आणि उजव्यानं तार फिरवायची, म्हणजे दोन्ही हातांची परीक्षा होते. जमलं की फोटो काढून पाठव. मी स्वतः मामीला लिहीन की चावी देऊन टाक. शब्द दिला.

सोबत ॲल्युमिनियमची तार पाठवतेय. ती मऊ असते, शिकणाऱ्याला बरी पडते. जाड तार घेऊ नकोस, फांदीच्या मानानं बारीक हवी. नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

मी इथून उंटावरून शेळ्या हाकतेय हे मला कळतं. पण तुला कुणीतरी हाकायलाच हवं.

भिंगरी

९ डिसेंबर

भिंगरे,

ॲल्युमिनियमची तार मला पाठवतेस? मला? ती मी परत खोक्यात घातली. माझ्या टेबलाच्या खणात थोडं तांबं होतं, हिच्या नजरेतून सुटलेलं. त्यानंच केलं.

फोटो बघ. एका फांदीचा आहे, पण एकच पुरे. वेढ्याला वेढा कसा चिकटलाय बघ, मध्ये सुई शिरणार नाही. तू तिरके आणि अंतर ठेवून म्हणालीस, पण ते मला पटलं नाही. ढिली कॉइल गुणगुणते आणि एक दिवस जळते. फांदी आता एवढी घट्ट बसलीय की वादळ आलं तरी हलायची नाही.

तुझ्या मामीनं बघितलं आणि म्हणाली, 'झाडाला प्लास्टर घातलंत की काय?' तिचं काय ऐकायचं. तिचं सगळंच उलटं असतं. डावरी आहे ना, कात्री धरते तीही उलटी.

बेकरीवाला परत येऊन गेला. दुसरा वाइंडिंगवाला पार नदीपलीकडे आहे, आणि त्याच्या हातचं काम दोन महिने टिकत नाही. चावीचं लवकर बघ.

मामा

१५ डिसेंबर

मामा,

फोटो बघून मी आधी पोट धरून हसले आणि मग घाबरले. अरे, ते झाड आहे, मोटार नाही! मोटारीची कॉइल वाढत नाही. फांदी वाढते, जाड होते. इतकी घट्ट तार दोन-तीन महिन्यांत सालीत घुसेल आणि जन्माचा वळ उठेल. तुझ्या नजरेला जी सफाई दिसते, ती त्या बिचारीला फास आहे.

आज्ञा समज: तार काढून टाक. आणि हे नीट वाच. उलगडायची नाही, कापायची. पक्कडीनं एकेक वेढा कापून तुकडे अलगद काढायचे. तांबं एकदा वळलं की ताठ होतं, उलगडायला गेलास तर फांदी मोडेल. तांब्याचा जीव राखू नकोस.

मग ॲल्युमिनियम घेऊन पुन्हा कर. हात शाबूत आहेत हे अक्षरावरून दिसतंच आहे, प्रश्न फक्त खोडीचा आहे. मोटारीची सवय सोड, जमेल.

भिंगरी

४ जानेवारी

मामा,

पत्र नाही. मामीला फोन केला तर 'बरे आहेत' एवढंच म्हणाली आणि दूध उतू चाललंय म्हणून ठेवून दिला. तिचं दूध कधी उतू जात नाही. मी चिडले म्हणून रागावलास का? इथे कामात लक्ष लागत नाही. आज एका गिऱ्हाइकाला कुंडी दिली आणि झाड माझ्याच हातात राहिलं. दोन ओळी तरी लिही.

भिंगरी

११ जानेवारी

भिंगरे,

फांदी मोडली. मी तार उलगडली. चांगलं तांबं पक्कडीनं तोडायचं हे माझ्याच्यानं होईना, आजवर कधी तोडलं नाही. कट्‌ करून आवाज झाला असणार, मला ऐकू आला नाही. फांदी हातात आली तेव्हा कळलं.

तू आता लिहिशील की साल काढून तो मोडका भाग पांढरा ठेवतात, त्यानंही झाड शोभतं, थोडं मेलेलं अंगावर घेऊनच झाड जगतं वगैरे. ड्रायव्हरबरोबर तू पाठवलेल्या पुस्तिकेत ते आहे, मी वाचलंय. मला उपदेश नको.

उरलेल्यांपैकी दोन फांद्यांना नवी तार घातली आहे. तुझ्या ॲल्युमिनियमची. फोटो सोबत आहे. आता शब्द पाळ.

मामा

१७ जानेवारी

मामी,

मामाचा फोटो बघितला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कुणाचंही पहिल्या फटक्यात इतकं नेटकं होत नाही. वेढे तिरके, अंतर सारखं, सालीवर कुठे ओरखडा नाही. इतकं हलकं काम हातात जोर आणि जाण दोन्ही असल्याशिवाय होत नाही. मी त्याला शब्द दिला होता, म्हणून लिहितेय. त्याला चावी दे. सुरुवातीला थोडा वेळ, तुझ्या नजरेसमोर. तो खोलीत फिरून फिरून झिजेल, त्यापेक्षा काम करताना दमलेला बरा.

मामा, तूच हे पत्र आधी फोडणार हे मला माहीत आहे. पाळला बघ शब्द.

भिंगरी

२३ जानेवारी

भिंगरी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. आज लिहिते, कारण हे फोनवर बोलले तर त्यांना ऐकू येणार नाही, पण माझं तोंड बघून कळेल.

ती तार मी गुंडाळली.

फांदी मोडल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. मग तुझी तार काढून बसले. उजवा हात चालतो गं त्यांचा, अक्षर म्हणूनच चांगलं येतं. डावा वर उचलला जातो, वळतो, पण बोटांना काही कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुला सांगू नको असं यांनी मला बजावलं. घट्ट काय आणि ढिलं काय, त्या हाताला दोन्ही सारखंच. आधीची तारसुद्धा म्हणूनच आवळली गेली. वर तुला मोटारीचं कारण सांगितलं. त्या दिवशी ते दुपारभर झगडत होते. तार घसरायची, की पुन्हा पहिल्यापासून. मी बाहेर आले तर सदऱ्यावर रक्त. पक्कडीत बोट सापडलं होतं आणि यांना पत्ता नाही. मी बोट बांधलं. त्यांचा खुर्चीतच डोळा लागला.

मी झाडाकडे बघत बसले. मग म्हटलं बघू तरी. तुझं पत्र समोर होतंच, त्यात लिहिलं होतं तसं करत गेले. मला वाटलं, जागे झाले की त्यांना तेवढंच बरं वाटेल, निम्मं आपण केलं आणि मग झोप लागली असं वाटेल. इतका साधा विचार होता गं. ते उठले, बराच वेळ बघत राहिले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोटो काढला आणि तुला पाठवला.

आता तुझं पत्र आलंय. रोज सकाळी माझ्यासमोर हात पसरून उभे राहतात. मागत नाहीत, नुसते उभे राहतात. नाही दिली तर हा माणूस या खोलीत संपेल. दिली तर तो हात पात्यात जाईल आणि यांना कळणारही नाही. बेकरीवाला मोटार पायरीवर ठेवून गेलाय, म्हणे कधी व्हायची तेव्हा होऊ द्या. तूच तोंडातून शब्द काढलास, आता तूच सांग, काय करू?

मामी

२९ जानेवारी

मामा आणि मामी, दोघांना मिळून,

मामी, चावी देऊ नकोस. मी लिहिलं ते खोडून टाक. मी अक्षर बघितलं आणि हात बघितल्यासारखं बोलले.

मामा, तू मला शेंडी लावलीस याचा मला राग नाही. राग याचा आहे की मी इथे शहाणपणा करत बसले आणि तू तिथे रक्ताळत होतास. कालपासून तीन पत्रं लिहिली आणि फाडली. लहानपणी मला वर्कशॉपमध्ये त्या उंच स्टुलावर बसवून तू सांगायचास, विजेला माणूस ओळखता येत नाही, आपणच तिला ओळखून राहायचं. तुझ्या बोटांना तार कळत नसेल तर वीज कशी कळेल? मला तू हवा आहेस. दुसरं काही सुचत नाही.

मी सुट्टी मागितली आहे, मिळाली की येते. तोवर कुलूप काढू नका.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र उशिरा पोचलं. तोवर कुलूप निघालं होतं. घाबरू नकोस, मी सगळा शाबूत आहे. सविस्तर लिहितो, कारण तुझी मामी म्हणाली, या वेळी खरं लिहा.

एका सकाळी मी नेहमीसारखा तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं चावी माझ्या उजव्या हातात ठेवली आणि आत निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. मी वर्कशॉप उघडलं. सगळीकडे धूळ होती, वॉर्निशचा वास होता. बेकरीवाल्याची मोटार कशीबशी आत ओढली, एका हातानं खोलली, जळालेलं वाइंडिंग उपसून काढलं. इथवर ठीक होतं. मग नवी कॉइल घालायला बसलो. उजव्या हातानं वाइंडिंग यंत्राचं हँडल फिरवायचं आणि डाव्यानं तार ताणून धरायची. डावा हात जागेवर होता, मला दिसत होता. तार मात्र कधी सैल पडायची, कधी एकावर एक चढायची. मी पुन्हा पुन्हा केलं. शेवटी नव्या तांब्यावर लाल काहीतरी दिसलं. तार ओढून बोट चिरलं होतं.

भिंगरे, तेव्हा मी रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

मग मी तिला हाक मारली. ती उंबऱ्याशी येऊन थांबली. इतक्या वर्षांत मी तिला आत कधी येऊच दिलं नव्हतं. मोडेल, धक्का बसेल, उलटसुलट करून ठेवेल, एक ना दोन कारणं. मी म्हणालो, "तुझा डावा हात लागेल."

ती म्हणाली, "तार मी घातली होती हे तुम्हाला कळलं होतं ना?"

कळलं होतं. डोळे उघडल्याबरोबर कळलं होतं. सगळे वेढे उलट्या बाजूनं फिरले होते, उजव्या हाताचा माणूस तसे घालत नाही. तुला फोटोत कळलं नाही, पण मी जन्मभर हेच बघत आलोय. मी तिला तसं सांगितलं. मग बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं. मला चावी हवी होती, म्हणालो. ती माझ्या बोटाला चिंधी बांधत राहिली. तिला राग आला असणार, तो तिनं गाठीवर काढला.

मग माझ्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसली. मी हँडल फिरवायचं, तिनं तार धरायची. पहिली कॉइल बघून मी मान खाली घातली, इतकी वाकडी आली. मी ओरडायचो, सैल धरतेस. ती म्हणायची, तुम्ही हँडल नीट फिरवा, पाठीमागे वाघ लागल्यासारखे फिरवताय. दोनदा उठून गेली. दोनदा मी जाऊन घेऊन आलो. तिसऱ्यांदा मी रुसलो, तर तिनं माझी जागा पुसून काढली आणि म्हणाली, बसा. असे कितीतरी दिवस गेले. वीज, भट्टी, पाती यांना मी हात लावत नाही, ते सगळं ती करते. मी सांगतो आणि ती निम्मं ऐकते. झाड गॅलरीतच आहे. त्याला पाणीही तीच घालते, मला त्याच्याकडे बघायला सवड नाही.

काल मोटार जोडली. तिनं स्विच दाबला. मोटार फिरायला लागली, एवढं दिसत होतं. पण वाइंडिंग चांगलं झालंय की नाही ते डोळ्यांना कळत नाही, ते आवाजावरून कळतं. माझे कान गेल्यापासून मी डावा तळवा मोटारीवर ठेवायचो. आत जरा कुठे गुणगुण असली की ती हाताला लागायची, आजवर हात कधी चुकला नाही. सवयीनं कालही तोच हात ठेवला. भिंतीवर ठेवल्यासारखा वाटला. काहीच नाही.

मी तिला म्हणालो, "हात ठेवून बघ. थरथरतेय का?"

तिनं तिचा डावा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. बराच वेळ ठेवला. डोळे मिटून घेतले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग तिनं डोळे उघडले आणि मला ऐकू यावं म्हणून अगदी कानाशी येऊन बोलली.

"मोटार शांत आहे. थरथरताय ते तुम्ही."

तिनं हात काढला नाही. मीही नाही. मोटार बराच वेळ उगाचच फिरत राहिली.

मामा